इल्सबीच्या पाण्याबद्दल तक्रार नाही

इल्सबीतल्या कॉफीला मीठ लागतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणीही ते बोललं नव्हतं. आमच्या राज्यात पानातल्या अन्नाला नावं ठेवत नाहीत. जेवण कसं झालंय असं विचारलं तर "वाईट नाही" म्हणायचं. याहून मोठी स्तुती आमच्याकडे नाही. घास घशाखाली उतरत नसेल तर "वेगळंच आहे" म्हणायचं आणि पुन्हा वाढून घ्यायचं.

बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर जे मीठ टाकतात, त्याचा ढीग रस्ते खात्याने गावाच्या विहिरीशेजारी उघड्यावर रचला होता. उन्हाळ्यात पाऊस पडे आणि ढीग थोडा थोडा विहिरीत उतरे. मार्लिस ट्वेटचं कॅफे त्याच पाण्यावर चालायचं. तिचा नवरा लायल याचं हृदय अधू झालेलं. डॉक्टरांनी त्याला मीठ बंद केलं होतं. त्याच्यापुरतं पाणी मार्लिस शेजारच्या गावाहून कॅनमधून आणायची. कॅफेतल्या गिऱ्हाइकांना मात्र नळाचं.

राज्य विद्यापीठातल्या डॉ. इंगर सोल्बर्ग यांनी चार वर्षं त्या विहिरीचं पाणी तपासलं. मीठ दर वर्षी वाढत होतं, आणि ते ढिगातूनच येत होतं. त्यावरून विधेयक तयार झालं: मिठाच्या ढिगांवर छप्पर घालावं आणि इल्सबीला नवी विहीर द्यावी. अहवाल दोनशे पानांचा होता. विधिमंडळातल्या सिनेटच्या समितीने तो साभार परत केला. समिती एकच पान वाचते, असा तिथला रिवाज आहे.

"आणि यात माणसं कुठं आहेत?" समितीच्या सचिवाने फोनवर विचारलं. "विहिरी मत देत नाहीत, डॉक्टर. लोकांना काय वाटतं ते आणा."

तेव्हा इंगरने विद्यार्थ्यांना घरोघर पाठवलं. प्रश्न एकच होता: तुमच्या घरचं पाणी कसं आहे? शंभरातल्या चौऱ्याण्णव घरांनी सांगितलं, "तक्रार नाही." बर्फातून आलेल्या मुलांना त्यांनी आत बसवलं, केक दिला आणि त्याच पाण्याची कॉफी पाजली. उरलेली सहा घरं म्हणाली, "वेगळंच आहे." विद्यार्थी दुसऱ्या राज्यांतून आलेले; त्यांनी ही सहा घरं "निश्चित मत नाही" या रकान्यात टाकली. त्या सहाही घरांचे नळ गंजून फुटले होते.

इंगर याच राज्यातली. तिला या उत्तरांचा अर्थ कळत होता आणि तिने तळटीपही लिहिली होती. पण एका पानात तळटीप मावली नाही.

सुनावणीला मार्लिस मोठा थर्मास घेऊन आली. समितीचे अध्यक्ष सिनेटर ड्वेन अल्मक्विस्ट यांनी ते एक पान हातात धरलं.

"डॉक्टर, ऊर भरून आला बघा. आम्ही इथं भावनेवर धोरण ठरवत नाही, संशोधनावर ठरवतो. चौऱ्याण्णव टक्के लोकांची तक्रार नाही. बरोबर?"

"आकडा बरोबर आहे, अध्यक्ष महोदय, पण त्याचा अर्थ..."

"आकडा विद्यापीठाचाच ना?"

"हो. पण विहिरीतलं मीठ..."

"विहिरीचं पान माझ्याकडे नाही."

मार्लिस उठली. "साहेब, वाचण्यापेक्षा पिऊन बघा. गावच्या पाण्याची कॉफी आहे."

पाचही सदस्यांपुढे कप आले. अल्मक्विस्टनी घोट घेतला. त्यांचा जबडा थांबला. मग त्यांनी तो घोट गिळला.

"वेगळीच आहे," ते म्हणाले.

"अजून देऊ?"

"छे, कशाला त्रास."

"त्रास कसला?"

"नको, खरंच नको."

"अहो, घ्या हो."

"बरं, अर्धा कप."

आमच्याकडे तिसऱ्यांदा नाही म्हणणं म्हणजे भांडण. पाचही जणांनी दुसरा कप संपवला. मागे बसलेल्या इंगरला वाटलं, आता झालं. चार वर्षांत जे कागदाला जमलं नाही ते दोन कपांनी केलं.

अध्यक्षांनी ओठ पुसले. "ट्वेटबाई, विद्यापीठाचं राहू द्या. तुम्हीच सांगा, तुमच्या घरचं पाणी कसं आहे?"

याच प्रश्नासाठी मार्लिस गाडी हाकत राजधानीला आली होती. लायलचं हृदय, पाण्याचे कॅन, डॉक्टरांचं बोलणं, सगळं तिने वाटेत मोठ्याने म्हणून पाहिलं होतं. तिने अध्यक्षांच्या रिकाम्या कपाकडे पाहिलं.

"तक्रार नाही," ती म्हणाली. "चालतं आपलं."

विधेयक पुढच्या अधिवेशनावर गेलं. एक ठराव मात्र एकमताने झाला: धोरणाला शास्त्रीय आधार दिल्याबद्दल विद्यापीठाचे आभार, आणि हीच पाहणी दर वर्षी व्हावी.

"मार्लिस! अगं, काय केलंस हे?" इंगरने तिला बाहेर गाठलं.

"दोन-दोन कप प्यायले गं ते. वर तोंडावर सांगायचं, की घाण पाजली तुम्हाला?"

"आणि लायल?"

मार्लिस थर्मास उचलून गाडीकडे वळली. परतताना तिने शेजारच्या गावी गाडी थांबवली आणि कॅन भरून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅफेत बर्फ काढणाऱ्या गाडीचा चालक ऑर्व्हिल आला. तिने त्याचा कप भरला आणि ती तिथेच उभी राहिली.

"कशी आहे कॉफी?"

"वाईट नाही."

"ऑर्व्हिल, मी विचारतेय."

त्याने दाराकडे पाहिलं. "जरा वेगळी आहे."

"खारट आहे की नाही, तेवढंच सांग."

त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "खारट आहे. बरीच वर्षं आहे. माफ कर, मार्लिस."

कॅफेतले चमचे थांबले. मग कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, "सूपसुद्धा."

"म्हणून तर मी नेहमी सँडविच घेते गं," खिडकीपाशी बसलेली पाद्रीबाबांची बायको म्हणाली. "पाव तुझा बाहेरून येतो ना."

मार्लिस कानापर्यंत लाल झाली. "माझ्या अ‍ॅपल-पायला तरी काही नाही ना?"

सगळ्यांनी आपापल्या कपात डोकं घातलं.

तिने आत जाऊन इंगरला फोन लावला. "ती पाहणी पुन्हा करायची आहे. मुलं पाठवू नकोस. प्रश्न मी विचारीन, तू नुसती लिहून घे."

"चालेल. पण सगळं एका पानात बसलं पाहिजे."

"बसेल," मार्लिस म्हणाली. "आणि अ‍ॅपल-पायचं लिहू नकोस."