बांधलेला वारा आणि खडूचा भुगा

फलक, सकाळी सात. वारा वाढत जाणार. दुपारनंतर ताशी पन्नास किलोमीटर, झोत सत्तरपर्यंत. होड्या बाहेर काढू नयेत.

त्याच्याखाली कुणीतरी कोळशाने: आज बाबा वारा बांधणार!!

लोक कोणती ओळ वाचत होते, ते वेगळं सांगायला नको. मासळीच्या लिलावशेडमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध बांबूवर लाल निशाण फडफडत होतं. त्यामागे खुर्चीत वारेबाबा आणि बाबांमागे रिकाम्या पेट्यांची उंच थप्पी. बाबांचं पोट सुटलेलं, डोळे मिटलेले, जीभ तेवढी मोकाट.

"वायुराजा, माजलास? सात समुद्र हिंडलास, नऊ खंडं तुडवलीस, माझ्या करंगळीशी अडलास! बांधला, बांधला, बांधला!"

घणघणघण! चेल्यांनी घंटा बडवल्या.

आणि निशाण

खाली. ओल्या फडक्यासारखं बांबूला चिकटलेलं.

बायाबापड्यांनी हात जोडले. दाराशी उभ्या बोर्डवालीने नाही जोडले. बंदर कार्यालयात बसून हवामान खात्याचा अंदाज रोज फलकावर उतरवणं हे तिचं काम. गेल्या आठवड्यात तिने वादळ लिहिलं, वादळ फिरकलंच नाही. दोन दिवस होड्या किनाऱ्याला. तेव्हापासून ती सगळ्यांच्या डोळ्यांत सलत होती.

"बघितलंस ना ताई?" धाकटा भाऊ गर्दीतून तिच्यापाशी आला. "चारला होडी काढतोय. आम्ही सहा जण."

"निशाण पडलं म्हणजे समुद्र पडला का रे?"

"तुझा खडू खोटा पडला. बाबांचं निशाण कधी खोटं पडलंय?"

"बोर्डबाई, तुमच्या कृपेने आमची जाळी अजून कोरडीच आहेत हो!" एक म्हातारा होडीवाला ओरडला. हशा पिकला.

ती तणतणत कोपऱ्यावरच्या फलकापाशी गेली. मोठ्या अक्षरांत लिहू, मग तरी दिसेल. फलक पुसला, डस्टर भिंतीवर आपटला.

खडूचा भुगा उडाला आणि सुसाट बाजाराकडे पळाला.

ती थबकली. पुन्हा आपटला. पुन्हा पळाला. वारा बांधलाय, तर हा कुणाच्या पाठीवर बसून चाललाय?

आणखी एक. निशाण पडलं तेव्हा शेडमधला सडक्या मासळीचा वासही पडला होता. तो येतो मागच्या धक्क्यावरून. समुद्राकडून.

ती बोळातून मागे गेली आणि बाजूच्या दाराने पेट्यांमागे शिरली. एरवी उघडं असणारं समुद्राकडचं भलंमोठं शटर पुरतं खाली होतं. साखळीला एक चेला लोंबकळत होता.

"काय चाललंय रे?"

"से... सेवा."

"पुरे झाली. सरक."

तिने साखळी ओढली.

शटर वर: निशाण फाडकन समोरच्या गर्दीच्या तोंडावर.
शटर खाली: मलूल.
वर: फडफड.
खाली: मलूल.

"मंत्र नको, घंटा नको!" पेट्यांमागून तिचा आवाज आला. "बाबा, तुम्ही गप्प बसा. मी बांधते!"

भावाने भराभर पेट्या बाजूला फेकल्या. मागे साखळी धरून त्याची बहीण. शटरचा खडखडाट घंटांखाली का बुडवत होते, तेही आता सगळ्यांना कळलं.

"अज्ञानी लोकहो," बाबा उठले, "त्या शटरमधूनच माझी शक्ती वाहते!"

कमाल म्हणजे दोनचार माना तरीही डोलल्या. म्हातारा होडीवाला पुटपुटला, "असेल हो, काहीतरी असेल."

"मग चला बाबा," भाऊ म्हणाला, "माझ्या होडीत पुढं बसा. चारला निघू."

बाबांचा नेमका त्याच दिवशी जमीन न सोडण्याचा नियम निघाला.

चार वाजता लाटा धक्क्यावरून पलीकडे फुटत होत्या. भाऊ होडीला दुसरा दोर बांधत होता. ताईकडे न बघता म्हणाला, "सहा जण होतो आम्ही."

"माहितीये. गाठ नीट मार."

फलक, संध्याकाळी सहा. वारा उद्या दुपारपर्यंत असाच. माझा अंदाज चुकू शकतो. चुकला की तुमच्यादेखत पुसते आणि नवा लिहिते. ज्याचं कधीच चुकत नाही, त्याला हात जोडण्याआधी एक करा: त्याच्या मागचं दार बघून या.