रिकाम्या वर्गाची हजेरी

पंचांग वाचणाऱ्या माणसानं भलतंसलतं काही वाचू नये, असं गोदूबाईंचं ठाम मत झालं होतं, आणि ते उगाच झालेलं नव्हतं.

पौष अवसेला आठ ग्रह मकरेत जमले तेव्हा अख्खं बेंगळूर हबकलं होतं. गल्लोगल्ली होम, देवळात जप, आणि शेजारचे भीमसेनराव तर बायकामुलांना घेऊन आनेकलला मेव्हण्याच्या शेतावर जाऊन बसले. जसा काही प्रलय आनेकलच्या वेशीपर्यंत येऊन परत फिरणार होता. तेव्हा गोदूबाईंचे यजमान गुंडोराव आरामखुर्चीत बसून सगळ्यांना हसत होते. "ग्रहांकडं तुमचा पत्ता आहे होय?" असं त्यांनी भीमसेनरावांना तोंडावर विचारलं. ग्रह आले, गेले. दूधवाला वेळेवर आला. भीमसेनराव खाली मान घालून परतले. आणि सगळं निवल्यावर, कुणालाच कसली भीती उरलेली नसताना, गुंडोरावांनी अव्हेन्यू रोडच्या फुटपाथवरनं एक इंग्रजी कादंबरी उचलून आणली आणि जग संपणार म्हणून एकटेच घाबरून बसले. याला काय म्हणावं?

कादंबरीत होतं तरी काय, ते घरात सगळ्यांना पाठ झालं, कारण गुंडोराव जेवताना दुसरं बोलतच नसत. डोंगराखाली एक गाव असतं. लांब कुठंतरी बाँब पडतात आणि त्यानंतर वरून पांढरी धूळ पडायला लागते. आधी पाखरं जातात, मग गुरं, मग एकेक करून माणसं. शेवटी गावातला शाळामास्तर तेवढा उरतो. तो रोज सकाळी कोट घालून वर्गात जातो, हजेरीपट उघडतो आणि पोरांची नावं घेतो. प्रत्येक नावापाशी थांबतो. कुणी 'हजर' म्हणत नाही. मग पुढचं नाव घेतो.

"पोरं नाहीत तर हजेरी कशाला घेतो मेला?" गोदूबाईंनी विचारलं.

"तेच तर," गुंडोराव म्हणाले आणि हातातला घास ताटात ठेवून उठले. सारभाताचा घास. गोदूबाईंचं डोकं फिरलं.

इथवर ठीक होतं. पण पुढं त्यांनी गच्चीवर वाळत घातलेले सांडगे उचलून आत आणले. वरून काय पडतंय कुणी सांगावं, म्हणे. जयनगरात तेव्हा घरांसाठी पाडलेल्या निम्म्या साइटी रिकाम्या, वारा सुटला की तांबडी माती उडायचीच. ती पांढरी नाही, तांबडी आहे, हे गोदूबाईंनी बोटाला लावून त्यांच्या नाकापुढं धरलं, तरी उपयोग शून्य. ओले सांडगे स्वयंपाकघरात आंबले. वर्षाचं साठवणीचं काम वाया गेलं, आणि ते कुणामुळं, तर कुठल्या परमुलखातल्या मास्तरामुळं.

तरीही गोदूबाईंनी ते गिळलं असतं. त्यांना गिळता येईना ती गोष्ट वेगळी होती. चंपा, त्यांची एकुलती एक लेक, बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा महिना. पहिल्या खेपेला पाचव्यातच सगळं संपलं होतं आणि त्यानंतर पोर वर्षभर कुणाशी धड बोलली नव्हती. या खेपेला कुठं जरा तिच्या तोंडावर रंग दिसत होता, मायलेकी दुपारी जुन्या लुगड्यांची दुपटी शिवत बसत होत्या. अशात एका संध्याकाळी गुंडोराव खिडकीतून बाहेर बघत, आपल्याशीच बोलावं तसं बोलून गेले, "असल्या जगात पोरानं यावंच कशाला?"

चंपा मागंच उभी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं वडलांच्या टेबलावरची ती कादंबरी घेतली आणि झोपाळ्यावर बसून शेवटपर्यंत वाचून काढली. बीएपर्यंत शिकवली होती ना, भोगा फळं. वाचून झाल्यावर तिनं दुपटी घडी करून पेटीत कोंबली. ताटात वाढलेलं चिवडून उठायला लागली. गोदूबाईंनी पुस्तक नेऊन तांदळाच्या डब्यात पुरलं, पण त्याचा आता काय फायदा? ते दोघांच्याही डोक्यात शिरून बसलं होतं.

"अशानं पोटातल्याला काय मिळणार गं?" त्या लेकीला म्हणाल्या.

"आई, अण्णा म्हणाले ते खोटं आहे का?" चंपानं विचारलं. गोदूबाईंना फक्त भीती वाटली. पहिल्या खेपेला वाटली होती तीच.

युगादीच्या आदल्या दिवशी गुंडोरावांनी कळस केला. आसपासच्या मराठी मंडळींत पाडव्याला पंचांग वाचायचा मान त्यांचा. दर वर्षी सकाळी पूजा झाली की सगळी घरं त्यांच्या व्हरांड्यात जमायची. ते कानडी पंचांगातलं वर्षफळ वाचून घरच्या मराठीत सांगायचे आणि मग एकेकाचं नाव पुकारून त्याच्या हातावर बेवु-बेल्ला, म्हणजे कडुनिंबाचा मोहोर आणि गूळ, ठेवायचे. जन्मभर हेडक्लार्की केलेली, नाव पुकारल्याशिवाय त्यांना काही देताच येत नसे.

"उद्या मी वाचणार नाही," ते म्हणाले. "पाऊस चांगला पडेल, पीक येईल, असलं खोटं मला लोकांना सांगवणार नाही."

गोदूबाईंनी पुरण वाटता वाटता हात थांबवला. "तीस वर्षं धान्य स्वस्त होईल म्हणून वाचताय. झालं कधी स्वस्त? तेव्हा नाही ती लाज वाटली."

"ते वेगळं."

"काही वेगळं नाही. हेही छापलेलं, तेही छापलेलं. त्या गोऱ्यानं लिहिलं ते वेदवाक्य, आणि आपलं तेवढं खोटं का? अहो, तुम्ही घाबरलात तर घाबरा. पण तुमच्या एका वाक्यानं माझी पोर जेवायची बंद झालीय. तिला परत काही झालं तर मी काय करू, ते सांगा आधी, आणि मग खुशाल जग बुडवा."

गुंडोराव बायकोकडं बघत राहिले. "माझ्या वाक्यानं?" त्यांनी विचारलं. या माणसाला अजून पत्ताच नव्हता. जगाची काळजी करायची म्हणजे घरात बघायला फुरसत कुठली.

सकाळी मंडळी जमली. गुंडोराव पाटावर येऊन बसले, पंचांग उघडलं. नव्या संवत्सराचं नाव शुभकृत्. पाऊस सांगितला, पिकं सांगितली. मग ओळ आली: राजांमध्ये वैर वाढेल, अग्नीचे भय संभवते. अशी एखादी ओळ दर साली असतेच आणि दर साली ते ती भाजीच्या भावासारखी वाचून पुढं जायचे. आज तिथंच अडकले. लोक वाट बघत राहिले. खांबाला टेकून बसलेली चंपा मान वर करून त्यांच्याकडं बघत होती.

"पुढचं वाचा," गोदूबाई दारातून म्हणाल्या.

त्यांनी पुढचं वाचलं. आवाज धड नव्हता, पण वाचलं. मग वाटी घेऊन उठले. "भीमसेनराव." हातावर चिमूट. "कमलाबाई." "बिंदुमाधव." असं करत चंपापाशी आले. "चंपावती." तिनं उजवा हात पुढं केला. त्यावर ठेवून ते पुढं सरकायला हवे होते, पण सरकले नाहीत. वाटीतून आणखी एक चिमूट घेतली आणि ती तशीच धरून उभे राहिले.

"आणि याचं नाव अजून ठेवलेलं नाही," ते म्हणाले आणि थांबले.

बाकीच्यांना काही कळेना. गोदूबाईंना मात्र कळलं. मास्तर रिकाम्या वर्गात उभा होता. आता पोरगी रडणार, उठून आत जाणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी मनातल्या मनात नवऱ्याला नको नको ते ऐकवलं.

चंपा वडलांकडं बघत होती. त्यांचा रडवेला चेहरा तिनं याआधी कधी पाहिला नसावा. मग तिनं डावा हात पोटावरून उचलला आणि त्यांच्यापुढं पसरला.

"हजर," ती म्हणाली.

गुंडोरावांनी त्या तळव्यावर चिमूट ठेवली आणि तिथंच पायरीवर बसून पंच्याचं टोक डोळ्यांना लावलं. काय झालं, काय झालं, म्हणून भीमसेनराव पुढं आले. "काही नाही, मोहोर यंदा स्वल्प कडू आहे," गोदूबाईंनी सांगितलं आणि त्यांना पानावर बसवलं.

चंपानं दोन पुरणपोळ्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली. गोदूबाईंनी तवा दाणकन चुलीवर ठेवला. एवढ्या एका शब्दावर भागणार होतं, तर इतके दिवस दोघांनी मिळून माझा जीव का खाल्ला, आणि माझ्या सांडग्यांचं काय, असं त्या तव्याला विचारत होत्या.

"आई, ती दुपटी कुठं आहेत?" बाहेरून चंपानं विचारलं.

"तूच कोंबलीस ना पेटीत, मला काय विचारतेस," गोदूबाई म्हणाल्या, आणि पोळी उलटायची सोडून तिथंच उभ्या राहून रडल्या. पोळी एका बाजूनं करपली. ती त्यांनी गुंडोरावांच्या पानात वाढली.