एकशे बारा दिवस

पडद्यावर आकडा उमटला आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. खानवेलची नागली, म्हणजे नाचणी, पक्व व्हायला शहाऐंशी दिवस.

त्या नागलीच्या नोंदी तीस वर्षं मी ठेवल्या होत्या. मी संशोधन केंद्रात क्षेत्र सहायक होते. आता सिल्वासातल्या हॉटेलात बारा देशांचे पाहुणे जमले होते. मला आणि मूळ बियाणं देणाऱ्या खानवेलच्या कोंडाबाईला सत्काराची शाल पांघरायला बोलावून पहिल्या रांगेत बसवलं होतं.

चूक माझ्या ताबडतोब लक्षात आली. आमच्या वहीत पानाच्या डोक्यावर आवणीची, म्हणजे रोपं शेतात लावल्याची, तारीख असे. वाफ्यात बी टाकल्याची तारीख सगळ्या वाणांची एकच, म्हणून ती शेवटच्या पानावर एकदाच लिहायची. आकडे संगणकात भरणाऱ्यांनी ते पान उघडलंच नाही. वाफ्यातल्या रोपाचे सव्वीस दिवस मोजणीतून गेले.

पूर्वीचे आमचे साहेब एका वाफ्याची चिठ्ठी हरवली म्हणून अख्खा हंगाम बाद करीत. आम्ही रडत असू, पण तो आकडा कुणी पुढे पाठवत नसे.

जेवणाच्या सुट्टीत हृषीकेशला गाठलं. वहीतल्या नोंदींवरून पडद्यावरचा आकडा काढणारं टूल त्याचंच. त्याच्या हातात नागलीचा केक, वर चांदीचा वर्ख. मी सांगितलं ते त्याला पटलं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"मॅडम, सकाळीच सगळ्या देशांना शेअर झालंय. आता बदलायचं तर शोधनिबंध मागे घ्यावा लागेल. आणि इथे नागली पेरणार कोण आहे?"

कोंडाबाई त्याच्या शेजारीच उभी होती. त्याने बोटांवरचा वर्ख चाटला. मला किळस आली.

याच आकड्यावर जूनमध्ये डोंगरपाड्यांना बियाणं वाटणार होते. शहाऐंशी दिवसांच्या भरवशावर लोक उशिरा पेरणार आणि दाणा भरायच्या आत पाऊस जाणार.

कोंडाबाईने विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं. ती हसली.

"शहाऐंशीला तं दाण्यात दूध बी भरत नाय, बाई. हिरवीच कापून ढोरांना घालू का?" मग हसू गेलं. "माझ्या पाड्यावरचे मला विचारतील. बी तुझंच ना, म्हनतील."

सभागृह रिकामं होतं. प्रत्येक खुर्चीवर तोच आकडा छापलेली परिषदेची पुस्तिका होती. मी पेन काढलं. कोंडाबाईला वाचता येत नाही, पण आपल्या नागलीचा फोटो ती लांबूनही ओळखते. ती पान उघडून धरायची, मी खोडायची. आमच्या वहीतल्यासारखं, एकाच रेघेत, जुना आकडा वाचता येईल असं. वर एकशे बारा. बाजूला सही आणि तारीख.

तिसऱ्या रांगेत होतो तेव्हा पाहुणे परतले. दारातून नंदकुमार, परिषदेचे अध्यक्ष, हात जोडून म्हणाले, "बाई, बसा आता, शालीचा कार्यक्रम आहे."

कोंडाबाईने पुढची पुस्तिका उचलली, पान काढलं आणि अंगठ्याने दाबून माझ्यापुढे धरलं.