काचेतला उतारा

मित्रांनो, मी एक जुनी बाहुली आहे. खरं तर मी जुनी व्हायलाच नको होते. माझी जात पावसापाण्यात कुजून जाणारी. पण दैव बघा, आज मी काचेच्या पेटीत बसून तुमच्याशी बोलते आहे.

दूर समुद्रापलीकडच्या सारावाक प्रांतात, दलदलीतल्या मेलानाऊ लोकांच्या एका गावात माझा जन्म झाला. ज्या सागोच्या झाडाचं पीठ खाऊन ते गाव जगत आलं, त्याच्याच देठातल्या मऊ गराची मी झाले. मला लामितआजाने कोरलं. चुलीवर सागोचे दाणे भाजून होतात न होतात, तोवर मला नाक, डोळे, कान सगळं फुटलं होतं.

मी खेळण्यासाठी नव्हते. लामितआजाची नात रनाई तापाने फणफणली होती. दवाखान्याच्या गोळ्या चालू होत्या, ताप मात्र हटत नव्हता. आजाने मला तिच्या उशाशी ठेवलं, माझ्यावर विड्याचा रस शिंपडला आणि तापाला सांगितलं, "पोरीचं अंग सोड. हे घे तुझं घर." पहाटे पोरीला घाम सुटला आणि माझं अंग तापलं. कसं, ते मला विचारू नका.

मग रनाईच्या आईने, सलुईने, मला नदीकाठच्या झाडीत नेऊन ठेवलं. उतारा ठेवला की मागे वळून पाहायचं नाही आणि त्या जागी पुन्हा फिरकायचं नाही, अशी तिथली सक्त रीत. मुंग्यांनी मला पोखरायचं, पावसाने विरघळवायचं, आणि माझ्यासोबत तापानेही मातीला मिळायचं. मी सुखाने कुजायला लागले होते. माझा एक कान गळूनही पडला होता.

तेवढ्यात संरक्षित जंगलाचे साहेब तिकडून गेले आणि त्यांनी मला उचललं. गावातलं कोणी तिकडे फिरकत नव्हतं, मग बघणार कोण? साहेब मनाचे वाईट नव्हते. एवढी सुंदर कला मातीमोल होते आहे, म्हणून ते हळहळले. त्यांनी माझा कान चिकटवला, कीड लागू नये म्हणून औषध मारलं आणि जंगलाच्या कचेरीजवळ नव्याने उभ्या राहणाऱ्या प्रदर्शनाच्या दालनात मला मांडलं. दालनाबाहेर देशी झाडांची बाग होती. तिथे कुंपणात एक सागो उभा होता. गावाचे उरलेसुरले सागो तोडून तोवर तिथे तेल-पामचे मळे लावले गेले होते, त्यामुळे जवळपास तो एकटाच उरला होता.

उद्घाटनाला गावाला आमंत्रण होतं. माझं काय ते कौतुक झालं! रनाई मात्र काचेला नाक लावून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, माझा ताप इथे बसलाय." सलुईचा चेहरा पांढराफटक पडला.

त्याच आठवड्यात पोर पुन्हा तापली. डॉक्टरांनी सुया टोचल्या, सलाइन लावलं. सलुई आणि लामितआजा धावत दालनात आले.

"साहेब, ही कला नाही हो," सलुई म्हणाली. "माझ्या लेकीचं दुखणं आहे हे. द्या, मी टाकून येते."

साहेब अवघडले. ही आता सगळ्यांची ठेव आहे, अशी देता येणार नाही, असं ते समजावू लागले. आजोबांनी दुसरी करावी, असंही त्यांनी सुचवलं.

"करतो," आजा म्हणाला. "त्या झाडाचा एक देठ द्या."

"ते राखीव आहे, आजोबा. मीच तोडलं तर इतरांना काय सांगू?"

आजाने कुंपणाकडे बोट केलं. "झाड जपलंत, बाहुली जपलीत," तो म्हणाला. "मधली पोर तेवढी राहिली."

रनाई गेली. डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं. ते खरंही असेल. मी काही शिकलेली नाही. त्यानंतर सलुई एकदाच आली. काचेवर तळहात ठेवून उभी राहिली, मग पाठ फिरवून निघून गेली. त्या दिवशीही तिने मागे वळून पाहिलं नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढंच म्हणेन, जपण्याआधी ती वस्तू ज्यांची आहे त्यांना विचारा. रोज कोणीतरी येऊन माझी काच लख्ख पुसतं. आत माझं अंग अजून तापलेलं आहे. मला कुजू द्या.