मागच्या सीटखालची सूं

"पैज लावतो, तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही. आयर्लंडात एक रशियन विमान आज उडतंय ते केवळ माझ्या या उजव्या कानामुळे!"

मी असं म्हणालो तेव्हा परसात चौघं होते. माझी बायको प्रभा, कांदाभज्यांची परात घेऊन. आमच्या जावयाचा मित्र इंद्रनील आणि त्याची बायको अश्लेषा, लशीचे दोन्ही डोस घेऊन वर्षभराने पहिल्यांदाच कुणाच्या घरी आलेले. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत, गुडघ्यावर बशी ठेवून, आमचे व्याही गुरुनाथराव.

"काका, सांगाच," इंद्रनील म्हणाला.

ऐका तर. गेल्या साली, म्हणजे वीसच्या मार्चमध्ये, आम्ही दोघं इथे आयर्लंडात, मेनूथला मुलीकडे तीन महिन्यांसाठी आलो. व्याही आठवडाभर आधीच येऊन बसले होते. मग विमानं बंद झाली आणि एका घरात दोन सासरे अडकले. मी मुलीचा बाप, ते मुलाचे. बागेकडची खोली कुणाला मिळाली हे वेगळं सांगायला नको.

त्याचं एवढं नाही हो. पण गुरुनाथराव ओझरच्या मिग कारखान्यातून निवृत्त झालेले. मी संगमनेर डेपोतून, एस.टी.च्या वर्कशॉपमधून. त्यांनी लढाऊ विमानं जोडली, मी लाल डबे. ते ट्रेनिंगला रशियात दोन वर्षं राहून आलेले. मी लांबात लांब गेलो तो ब्रेकडाउन झालेली गाडी आणायला, शिरपूरला. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. तोही नाही! कमी बोलणार, आपली बशी आपण विसळणार. प्रभा त्यांना विचारायची, "व्याही, अजून एक पोळी?" मला चाळीस वर्षांत तिने 'अजून' विचारलेलं नाही. 'पुरे ना?' विचारलंय.

"पुरेच असते तुम्हाला," प्रभा म्हणाली.

तर तेव्हा घरापासून पाच किलोमीटरच्या आत फिरायची मुभा होती. आमच्या वाटेवर डोनल नावाच्या म्हाताऱ्याचं शेत लागायचं. जनावरांचा निवृत्त डॉक्टर. कुरणातच गवताची धावपट्टी, आणि पत्र्याच्या शेडमध्ये याक.

"हिमालयातला?" अश्लेषाने विचारलं.

नाव तेच, पण हे विमान. सोव्हिएत काळातलं, शिकाऊ वैमानिकांसाठी केलेलं. दोन सीटा एकीमागे एक. नाकात नऊ सिलिंडर, गोल पंगत बसवावी तसे. खालच्या सिलिंडरांत तेल उतरून साचतं, म्हणून सुरू करण्याआधी पंखा हाताने फिरवावा लागतो. आणि आत सगळ्या पट्ट्या रशियन अक्षरांत. डोनल बिचारा दहा वर्षं अंदाजाने बटणं दाबत होता. व्याह्यांनी कुंपणावरून विमान पाहिलं, आत गेले, चष्मा पुसला आणि शाळेतला धडा वाचावा तशा पट्ट्या वाचून दाखवल्या. डोनल टाळ्याच वाजवायला लागला. "गुरू! ही इज अ गुरू!"

झालं. त्या दिवसापासून ते गुरू. माझं पुरुषोत्तम हे नाव काही डोनलच्या तोंडात मावेना. पुरु म्हणता म्हणता त्याचं 'पुअर' झालं. एक गुरू, एक पुअर! "हाऊ आर यू, पुअर?" असं तो रोज विचारायचा आणि मी रोज म्हणायचो, "ग्रँड."

इंद्रनीलला ठसका लागला. गुरुनाथराव बशीकडे बघत म्हणाले, "चालू द्या."

आता दुखणं ऐका. या याकचं सगळं हवेवर चालतं. इंजिन हवेच्या दाबाने सुरू होतं, चाकं हवेने आत जातात, ब्रेक हवेचे. संध्याकाळी हवेची बाटली भरून ठेवली की सकाळी रिकामी. कुठेतरी गळत होती आणि सापडत नव्हती. विमान उडण्यालायक आहे अशी सही करणारा इंजिनिअर इंग्लंडात अडकलेला. डोनल महिनाभर गाईचा स्टेथोस्कोप घेऊन विमानाचं पोट तपासत होता. शेवटी कंटाळून म्हणाला, "तुम्हा दोघांपैकी जो गळती शोधेल, त्याला दुरुस्तीनंतर पहिल्या फेरीत मागची सीट."

सीट एकच. मी व्याह्यांकडे पाहिलं. ते विमानाकडे बघत होते, ओल्या डोळ्यांनी. आयुष्यभर लढाऊ विमानं जोडली, पण त्यांत बसायला कधी मिळालं नाही, असं ते एकदा जेवताना म्हणाले होते. मला दया यायला हवी होती. मला आला तो राग. जोडायला मिळाली, एवढं पुरे नाही का माणसाला?

मी म्हटलं, हवेचे ब्रेक! अरे, एस.टी.चेही ब्रेक हवेचेच असतात. तीस वर्षं मी काय केलं? साबणाच्या फेसाने गळत्या धरल्या. फेस लावायचा, बुडबुडा फुगला की चोर सापडला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांड्यांच्या साबणाचा फेस डब्यात घेतला, दाढीचा ब्रश घेतला, मास्क लावला आणि निघालो.

"आणि मी दारातून ओरडले होते," प्रभा भजी वाढता वाढता म्हणाली, "कानाचं मशीन सांभाळा म्हणून. आदल्या दिवशीच मास्कच्या दोरीबरोबर उडून वरणात पडलं होतं."

"मधे बोलू नकोस," मी म्हणालो. "रंग जातो."

तर शेडमध्ये आम्ही तिघं. बाटली भरलेली. पण एवढं मोठं विमान, त्यात हवेची नळी नाकापासून शेपटीपर्यंत. फेस लावायचा तरी कुठे? डोनल स्टेथोस्कोप लावून पंखाखाली आडवा. व्याही मागे उभे, बहुधा रशियनमध्ये विचार करत. मी हात वर केला. म्हटलं, शांत! बाहेर गाई रवंथ करत होत्या, त्यांनी रवंथ थांबवलं. पत्र्यावर कावळे होते, ते एका पायावर उभे राहिले. आणि मला ऐकू आली. मुंगीने जांभई द्यावी तेवढी बारीक. सूंऽऽ.

"पंधरा फुटांवरून?" इंद्रनीलने विचारलं.

वीस! मी सरळ मागच्या सीटपाशी गेलो, खाली वाकलो, नळीच्या जोडावर ब्रश फिरवला आणि फेसाचा बुडबुडा फुगला, लिंबाएवढा. डोनलने माझी पाठ थोपटली. तेव्हा थोपटायला बंदी होती, तरी थोपटली. जुलैत तो इंजिनिअर आला, चौदा दिवस स्वतःला कोंडून घेतलं, जोड बदलला, सही केली. आणि मागच्या सीटवर कोण? पुअर! थेट पश्चिमेला, समुद्रकाठच्या स्लायगोच्या बाजूला गेलो. वर एक ढग इतका जवळ आला की मी हात बाहेर काढून पिळला. त्या दिवशी इथे चार थेंब पडले ते माझे.

"काका, इथे रोजच पडतात."

"त्या दिवशीचे माझे."

सगळे हसले. प्रभासुद्धा हसली. असं हसू तिच्या तोंडावर पाहिलं की माझं पोट भरतं. तेवढ्यात अश्लेषाने विचारलं, "पण गुरुनाथकाका तिथेच होते ना? त्यांना नाही ऐकू आली?"

इथे मला थांबता आलं असतं. 'फेस माझा' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं, ते खरंही होतं. पण नेमकी त्याच वेळी प्रभाने परातीतलं शेवटचं भजं उचललं आणि व्याह्यांच्या बशीत ठेवलं. "घ्या, अजून एक."

"त्यांना कुठलं ऐकू येतंय!" मी म्हणालो. "जेट इंजिनांच्या आवाजात जन्म गेला. दगड झालेत कान, दगड! म्हणून तर सीट मला मिळाली."

गुरुनाथरावांनी भजं खाल्लं नाही. बशी गवतावर ठेवली, खुर्ची माझ्या उजव्या बाजूला ओढली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"पुरुषोत्तमराव, त्या दिवशी तुमच्या कानाचं मशीन माझ्या खिशात होतं! दोरीत अडकतंय म्हणून तुम्हीच काढून दिलंत. ती हवा मला ऐकू आली. मी सीटखाली बोट दाखवलं, तुम्ही फेस लावलात. डोनलने बुडबुडा पाहिला, माझं बोट नाही पाहिलं. मी म्हटलं, व्याह्यांचा आनंद आहे, असू दे. पण घरी येताना, मशीन परत कानात घातल्यावर, 'व्याही, आवाज कसा होता हो?' असं तुम्हीच विचारलंत ना? तेव्हा मी सांगितलं होतं, सूंऽऽ!"