गारवामहाराजांचा लेप

मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. सकाळचे साडेअकरा, ऊन नुसतं ओतलं जात होतं, तरी दोन-तीन हजार माणसं माना उंचावून मंचाकडे पाहत होती. मंचावरच्या खांबाला हातभर लांब तापमापक टांगला होता. गारवामहाराजांनी हात वर केला.

"त्रेचाळीस!" त्यांच्या निवेदकाने ध्वनिक्षेपकावर आकडा वाचला.

महाराजांनी डोळे मिटले. तापमापकाच्या तळाशी पांढरं सूत गुंडाळलेलं होतं, त्यावर तांब्यातलं पाणी शिंपडलं आणि "शांत हो, शुक्रा, शांत हो" असं पुटपुटत ते पंख्याने वारा घालू लागले.

"अडतीस! तेहतीस! एकोणतीस! सव्वीस!"

मैदानातून हुंकार उठला. माझ्या शेजारच्या बाईने चक्क डोळे पुसले.

"शुक्र कोपलाय!" महाराज गरजले. "आकाशात तोच सगळ्यात जास्त का चमकतो? रागाने! तो राग आपल्या अंगावर उतरतोय. पण माझं आणि त्याचं रोजचं बोलणं आहे. माझा शब्द तो मोडत नाही. या डबीतला लेप मानेला, छातीला लावा. ऊन तुम्हाला ओळखणारसुद्धा नाही!"

महाराजांच्या पाठीशी दोन कूलर घरघरत होते. ज्याला ऊन ओळखत नाही त्याला कूलर कशाला, हे विचारायचं कोणालाच सुचलं नाही.

मी मोठ्याने हसले. मी हवामान वेधशाळेत निरीक्षक आहे. पांढऱ्या लाकडी पेटीतले तापमापक वाचून वहीत आकडे लिहायचे, हे माझं एकोणीस वर्षांचं काम. त्या पेटीत एक साधा तापमापक असतो आणि एकाच्या टोकाला ओलं कापड असतं. पाणी सुकताना उष्णता घेऊन जातं, म्हणून ओला तापमापक कमी आकडा दाखवतो. हवा जितकी कोरडी, तितका फरक मोठा. महाराजांनी माझं रोजचं काम मंचावर नेऊन त्याला चमत्कार म्हटलं होतं.

"दादा, अरे काय बावळटासारखा बघतोस! हे तर मी रोज करते," मी म्हणाले.

दादा माझा मोठा भाऊ. गोदामांच्या आणि कारखान्यांच्या छपरांवर पत्रे ठोकायचा. त्याचा चेहरा उतरला.

"तू सावलीत बसून आकडे लिहितेस," तो हळूच म्हणाला. "भर दुपारी पत्र्यावर चढून बघ एकदा. मला कोणी थोडा गारवा देत असेल, तर त्याला हसू नकोस."

तो रांगेत जाऊन लेपाची डबी घेऊन आला. मी त्याला तेव्हाच नीट समजावून सांगायला हवं होतं. मी खांदे उडवले आणि घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "अगं, खरंच गार वाटतं! बर्फ लावल्यासारखं."

दादाच्या ठेकेदारालाही लेप फार आवडला. बारा ते तीनची सुट्टी त्याने बंद केली. "लेप आहे ना? मग सावली कशाला हवी?"

चौथ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास दादा छपरावर असंबद्ध बोलू लागला. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा थेंब नाही. जोडीदाराने खाली चल म्हटलं तर तो म्हणाला, "कशाला? गार तर वाटतंय." मग तो पत्र्यावर बसला आणि पुन्हा उठला नाही.

इस्पितळात त्याचा ताप बेचाळीसच्या, म्हणजे एकशे सात फॅरनहाइटच्या वर होता. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या मानेचा वास घेतला, डबी उघडून पाहिली.

"यात मेंथॉल आहे, म्हणजे पुदिन्याचं सत्त्व," त्या म्हणाल्या. "कातडीतल्या ज्या नसा थंडीची खबर मेंदूला देतात, त्यांना हे चाळवतं. अंग भाजत असतं, पण मेंदूला खबर मिळते की गार आहे. माणूस सावलीला जायचं विसरतो."

पहाटे दादा गेला.

आठवड्याने महाराजांचा कार्यक्रम पुन्हा जाहीर झाला. त्या सकाळी वहिनीने साडीचा पदर खोचला आणि म्हणाली, "मला तिथे घेऊन चल." वाटेत ती थांबली. "तू तुझ्या दादांना हसलीस, ते फार लागलं होतं त्यांना. आज लोकांना हसू नकोस. सांग."

मी मान खाली घातली.

मंचावर महाराजांचा पंखा हलायला लागला, तशा आम्ही दोघी पायऱ्या चढलो. मी पिशवीतून माझे दोन तापमापक काढले. दोन्हींवर बेचाळीस. एकाला घरचं सूत गुंडाळलं, बाटलीतलं नळाचं पाणी ओतलं आणि पुठ्ठ्याने वारा घातला. आकडा सव्वीसपर्यंत उतरला. कोरडा होता तिथेच राहिला.

"श्रद्धा नसलेल्यांनी हात लावला की शुक्र रुसतो!" महाराज ओरडले.

"रुसला कुठे? उतरला की," मी म्हणाले. "आता तुमच्या तापमापकाचं सूत सोडा."

त्यांनी सोडलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका टॅक्सीवाल्याने वर येऊन सोडलं, काच पुसली. पारा चढत चढत बेचाळिसाला गेला. निवेदकाने या वेळी आकडा वाचला नाही.

वहिनीने डबी वर धरली. "हा लेप लावून माझा नवरा पत्र्यावर भाजून मेला. शेवटपर्यंत म्हणत होता, गार वाटतंय."

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "बाई, हे सगळं खोटं मानलं. पण ऊन वाढतंय, ते तर खरं ना?"

"खरं आहे, आजी," मी म्हणाले. "माझ्या वहीत पहिल्या वर्षी बेचाळीसच्या वरचे चार दिवस होते. यंदा सव्वीस झाले. शुक्र मात्र रागावलेला नाही. त्याच्यावर ढगांचं जाड पांघरूण आहे, त्यावरून सूर्याचा उजेड परततो, म्हणून तो चमकतो. त्या ढगांखाली कार्बन डायऑक्साइडची दाट हवा आहे. जमिनीतून निघालेली उष्णता ती सहज बाहेर जाऊ देत नाही. बुध सूर्याच्या जास्त जवळ, तरी शुक्र त्याच्यापेक्षा तापलेला. मंगळावरही तोच वायू आहे, पण हवाच इतकी विरळ की ऊब टिकत नाही."

"आणि आपल्याकडे?" म्हातारीने विचारलं.

"आपल्याकडे तो थोडा आहे, म्हणून आपण गोठून मेलो नाही. पण कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून आपण तो वाढवत चाललोय. आपल्या पृथ्वीचा शुक्र होणार नाही. पण छपरावरचा माणूस मरायला तेवढं तापावं लागत नाही."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काहींनी मानेवरचा लेप पुसला. काहींनी डबी मुकाट्याने खिशात ठेवली. महाराज त्या संध्याकाळीच निघून गेले. पुढच्या महिन्यात दुसऱ्या शहरात फलकावर त्यांची छबी दिसली, असं टॅक्सीवाल्याने सांगितलं.

वहिनी पत्रेवाल्या कामगारांना घेऊन ठेकेदाराच्या दारात तीन दिवस बसली. आता तिथे बारा ते चार काम बंद असतं. छपराखाली पाण्याचे माठ आहेत, आणि असंबद्ध बडबडणाऱ्या, घाम न येणाऱ्या माणसाला लगेच सावलीत न्यायचं, अंग ओलं करून वारा घालायचा, इस्पितळात पोचवायचं, हे सगळ्यांना पाठ आहे. दादाच्या वेळी हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

कोणताही ग्रह आपल्यावर कोपत नाही. धूर आपला आहे, तो कमी करायचा की नाही हेही आपणच ठरवायचं आहे. त्याला वेळ लागेल. तोवर कोणी चमत्कार दाखवला, तर त्याला एवढंच विचारा, "हे होतं कसं?" आणि त्याचं धड उत्तर मिळेपर्यंत त्याच्या भरवशावर आपलं माणूस उन्हात पाठवू नका.