अमृतप्पाचा घण

मित्रांनो, माझ्या तोंडाला माणसाचे रक्त लागलेले आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे ऐकायचे की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. मी एक जुना घण आहे. बिदरहून जनवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एक लहानशी वस्ती आहे. तिथल्या चर्चच्या पत्र्याखाली, झाडू आणि चेपलेल्या बादलीच्या शेजारी मी उभा असतो.

माझा जन्म अपघातातून झाला. मन्नाएखेळ्ळीजवळ महामार्गावर एक ट्रक उलटला. त्याचा आस मोडला आणि चालक त्याच्याखाली गेला. त्या आसाचा तुकडा रस्त्याकडेच्या लोहाराने भंगारातून उचलला, भट्टीत लालभडक केला, आणि दोन माणसांनी आळीपाळीने मला ठोकून काढले. पाण्यात बुडवले तेव्हा मी किंचाळलो. मग बाभळीचा दांडा माझ्या छातीतून आरपार गेला. आपण मारण्यासाठीच जन्मलो आहोत, एवढे मला त्याच दिवशी कळले.

अमृतप्पाने मला घेतले तेव्हा तो जांभ्या दगडाच्या खाणीत मजुरी करत होता. आमच्याकडचा हा दगड बाहेरून काळवंडलेला आणि आतून मांसासारखा तांबडा असतो. मी तो वर्षानुवर्षे फोडला. माझ्या एका घावाने उडालेल्या कपचीने शेजारच्या मजुराचा डोळा गेला. अमृतप्पाने पाणी मारून माझे तोंड पुसले आणि पुन्हा घाव घातला. तेव्हा तो तसाच होता. प्यायचा, भांडायचा. एका सांजेला त्याची बायको सुगंधाबाई हिने आतून कडी घातली, तर त्याने मला उगारून स्वतःच्याच घराचे दार फोडले. फळ्या कोसळल्या. पलीकडे ती पोटाशी पाटा धरून उभी होती. मसाला वाटायचा दगडी पाटा. ती म्हणाली, "ये. एक घाव तू घाल, एक म्या घालते."

तो उंबऱ्यावरच खाली बसला. किती वेळ बसला, मला ठाऊक नाही. लोखंडाला वेळ कळत नाही, घाव कळतात, आणि त्या सांजेला पुढचा घाव पडला नाही.

दार त्याने दुसऱ्या दिवशी दुरुस्त केले. रविवारी मला खांद्यावर टाकून तो चर्चला गेला. तिथे घंटा नव्हती, म्हणून अंगणातल्या कडुलिंबाला त्याने रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा साखळीने टांगला आणि त्यावर माझा पहिला टोल दिला. मित्रांनो, मी तोवर फक्त फुटण्याचे आवाज ऐकले होते. मारल्यावर न फुटता गाणारी वस्तू मी प्रथमच पाहिली.

पुढची तीस वर्षे अमृतप्पा त्या चर्चचा बिनपगारी माणूस होता. पास्टर शहरातून महिन्याला दोनदा यायचे. उरलेल्या रविवारी प्रार्थना तोच सांगायचा. झाडायचा, पाणी भरायचा, दुखणाईताला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत न्यायचा. वस्तीत कुणी गेले की, जितकी वर्षे ते माणूस जगले तितके टोल तो मोजून द्यायचा. टोल संपले की मला घेऊन माळावर जायचा. आमची स्मशानभूमी जांभ्यावर आहे. कुदळ वीतभर आत जाते आणि ठणकन परत येते. तिथून खाली पहार आणि घण. ज्याने निरोपाचे टोल द्यायचे त्यानेच तो खड्डा फोडायचा, अशी वस्तीची रीत. सकाळी मी माणसाची वर्षे मोजायचो आणि दुपारी त्याची जागा फोडायचो.

दर शनिवारी सांजेला तो मला पाण्याच्या बादलीत उभा करायचा. उन्हाने दांडा आकसतो, घण सैल होतो, आणि सैल घण उगारला की तो सुटून भलत्याच माणसाच्या डोक्यात बसतो. पाण्याने लाकूड फुगते आणि मला घट्ट धरते. त्याने एकही शनिवार चुकवला नाही. पुढे जे घडले ते त्याच्याच काळजीमुळे घडले, हा विचार मला आजही गंजासारखा खातो.

चार वर्षांपूर्वी मल्लम्मा नावाची म्हातारी वारली. एकाहत्तर टोल झाले. अमृतप्पा माळावर खड्डा फोडू लागला. तो निम्म्यावर आला असताना खालून आरडाओरडा ऐकू आला. स्मशानाची वाट शेजारचे शेतकरी अंकुशराव यांच्या तुरीच्या बांधावरून जाते, आणि त्यांनी त्याच दुपारी त्या वाटेवर काटेरी तार ओढली होती. शवपेटी खांद्यावर घेऊन माणसे उन्हात थांबली होती.

अमृतप्पा धावला. मला खांद्यावर घेऊनच धावला. भांडण सोडवायला जाताना घण खाली ठेवावा, हे त्याला सुचले नाही. तीस वर्षांत मी त्याच्या खांद्याचे हाडच झालो होतो.

त्याचा धाकटा भाऊ लिंगाप्पा तारेला भिडून ओरडत होता, "आमच्या आज्ज्याच्या काळची वाट हाय ही! तार कामून वढलास?"

"माझं रान हाय म्हणून," अंकुशराव म्हणाले. "मागच्या खेपेला दोन काकरं तूर तुडवलीत. आता मढं घेऊन वरून उडत जावा."

"अण्णा," अमृतप्पा धापा टाकत अंकुशरावांना म्हणाला, "मल्लम्मा उन्हात हाय. तिला तेवढी जाऊ द्या. मग दिवसभर आमाला शिव्या घाला, म्या इथंच बसतो ऐकायला."

अंकुशरावांच्या ओठावर हसू येऊ पाहत होते. मी ते पाहिले. पण त्यांनी कामाला आणलेले गडी परगावचे होते. त्यांना आमची रीत ठाऊक नव्हती. त्यांना फक्त खांद्यावरचा मी दिसलो.

"मालक, घण आणलाय त्यानं!"

पहिली काठी अमृतप्पाच्या कानावर बसली, दुसरी कपाळावर. मी धुळीत पडलो. पेटी कशीबशी खाली टेकली आणि माणसे एकमेकांवर तुटून पडली. तारेत हात फाटले, दगड उडाले, कुणाचा तरी दात माझ्याजवळ येऊन पडला. भावाचे रक्त पाहून लिंगाप्पाने मला उचलले. मागे सरणारे अंकुशराव तारेत अडकून कोसळले. त्यांचे डोके बांधाच्या दगडावर होते, आणि मी लिंगाप्पाच्या डोक्याच्याही वर, आभाळात होतो.

मित्रांनो, वर गेलेल्या घणाला थांबता येत नाही. मी सैल असावे, सुटावे, दूर तुरीत जाऊन पडावे, अशी मी त्या क्षणी इच्छा केली. पण आदला दिवस शनिवारचा होता. मी घट्ट होतो.

अमृतप्पा रांगत आला. त्याने अंकुशरावांना खांद्याने ढकलले. त्यांचे डोके दगडावरून निघाले आणि अमृतप्पाचा उजवा पंजा तिथे राहिला. मी त्यावर पडलो. दगड फुटताना कसा आवाज येतो ते मला माहीत होते. हा त्याहून लहान होता.

सगळे थांबले. मी अजून लिंगाप्पाच्या हातात होतो. अमृतप्पाचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण बोलला तो अगदी रोजच्या आवाजात, पाणी भरायला सांगावे तसा.

"लिंगाप्पा, ह्येचं काम इथं न्हाई. वर घेऊन जा. खड्डा अजून अर्धा हाय."

आणि लिंगाप्पा गेला. भावाचे रक्त माझ्या तोंडावर तसेच ठेवून त्याने मल्लम्माचा उरलेला खड्डा फोडला. जांभ्याच्या तांबड्या भुकटीत ते रक्त कुठे संपले ते मला कळले नाही. त्यानंतर चार वर्षे त्याने मला हात लावला नाही. चर्चला आला तरी लिंबाला वळसा घालून आत जायचा.

पोलीस ठाण्यात अमृतप्पाने सांगितले, "दगुड फोडताना माझाच घण माझ्यावर बसला." अंकुशराव तिथेच बाकावर होते. ते गप्प राहिले. घरी येऊन त्यांनी तार कापली. पेटी जाईल एवढीच, हातभर जास्त नाही.

उजव्या पंजाची दोन बोटे उरली. तेव्हापासून अमृतप्पा डाव्या हाताने टोल द्यायचा. पहिला टोल नीट लागायचा, दुसरा रुळाच्या कडेला तिरका. त्या लंगड्या टोलावर वस्ती उठायची. पुढे कुणी तरी भोंगा आणला. त्यात घंटेचा गोड, तयार आवाज होता. खड्ड्यासाठीही यंत्र येऊ लागले. मी पत्र्याखाली गेलो. मुले माझ्यावर शेंगा फोडत. अमृतप्पा मात्र दर शनिवारी यायचा आणि कुणालाही नको असलेल्या मला पाण्यात उभा करायचा.

या उन्हाळ्यात एका शनिवारी तो आला नाही. सांजेला सुगंधाबाई आली. तिने बादली भरली आणि मला तिच्यात ठेवले. रविवारी सकाळी अमृतप्पा गेला.

कुणी भोंग्याकडे वळले. ती त्याच्या आडवी उभी राहिली. "त्या भोंग्याला त्येची वर्सं ठावं हायत व्हय?" मग तिने लिंगाप्पाला हाक मारली. "कालच घातलाय पाण्यात. टोल तुलाच मारायचेत."

"वयनी, माझ्यानं न्हाई व्हायाचं."

"मग कुणाच्यानं व्हायाचं?"

त्याने बादलीत हात घातला. मला बाहेर काढत त्याने विचारले, "किती मारू? आधारवर तर एक जानेवारी लिवलंय."

"ती तारीख मास्तरानं ठोकून दिलेली. तू मार."

त्याने मारले. पहिला टोल, दुसरा, दहावा. मग तो मोजत नव्हता, मारत होता. साखळी करकरली, लिंबाचा पाला गळाला, रुळावरून ठिणग्या उडाल्या. चार वर्षे तो स्वतःला जे मारत आला होता ते सगळे त्याने माझ्या तोंडाने रुळावर मारले. तळहात फाटले, दांडा ओला झाला. माणसे घाबरून मागे सरली. कुंपणापाशी अंकुशराव डोक्यावरचा रुमाल हातात घेऊन उभे होते. तेही मागे सरले.

सुगंधाबाई पुढे गेली आणि तिने उगारलेल्या दांड्याला हात लावला.

"बास कर, लिंगाप्पा. खड्डा फोडायचाय अजून."

यंत्र आणलेच नाही. तो खड्डा लिंगाप्पाने आणि मी फोडला.

मित्रांनो, तुमच्याही हातात कधी ना कधी जड वस्तू येईल आणि समोर कुणाचे तरी डोके असेल. उगारण्याआधी एवढे पाहा, की आपले कोणते काम अर्धे राहिले आहे. आणि रागाच्या नव्हे, रिकाम्या दिवशी दांडा भिजवत जा. जुन्या अवजारावर शेंगा फोडल्या तरी चालतील, पण त्याला कोरडे पडू देऊ नका.

आज शनिवार आहे. लिंगाप्पा हापशावर उभा आहे, आणि बादली भरत आली आहे.